ड्यूटी फ्रीची बाटली आणि ‘अस्सल’पणाचा समज

संपादक महोदय,

विमानतळावरच्या ड्यूटी फ्री, म्हणजे शुल्कमाफीच्या दुकानातली स्कॉच (स्कॉटलंडची व्हिस्की) तेवढी ‘ओरिजिनल’ आणि वाइन शॉपमधली हलकी, हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. त्याच्याच जोरावर ‘एअरपोर्टचा माल’ म्हणून भलत्याच बाटल्या खपवल्या जातात, म्हणून हे पत्र.

आधी लेबल वाचावे. ‘टीचर्स’, ‘हंड्रेड पायपर्स’ यांसारख्या ब्लेंडेड (अनेक व्हिस्की एकत्र केलेल्या) स्कॉच जादा तीव्रतेच्या, म्हणजे अल्कोहोलचे प्रमाण जास्त असलेल्या रूपात, घाऊक प्रमाणात भारतात येतात. इथे खनिजविरहित पाणी मिसळून त्या ४२.८ टक्क्यांवर आणतात आणि बाटल्यांत भरतात. मात्र आतली व्हिस्की स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरलेली असते. स्कॉचचा कायदाच तसा आहे. सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टेड बार्लीची स्कॉच) तर नोव्हेंबर २०१२ पासून स्कॉटलंडबाहेर बाटलीत भरताच येत नाही. मग नाव, वय आणि तीव्रता सारखीच असेल, तर केवळ विमानतळावर घेतली म्हणून ती सरस कशी ठरेल?

चवीत फरक जाणवतो तो बहुतेकदा तीव्रतेचा. तोच ब्रँड बाहेर ४० टक्क्यांचा आणि इथे ४२.८ टक्क्यांचा असू शकतो. तुलना करायचीच तर ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत २ मिली पाणी घालून दोन्ही एका पातळीवर आणावे. सुई नसलेल्या सिरिंजने हे माप अचूक जमते. दोन्ही बाटल्या त्याच दिवशी उघडलेल्या हव्यात, कारण तळाला आलेली बाटली महिनोन्‌महिने हवेशी राहून वास गमावते. मग तीन सारखे ग्लास घ्यावेत, दोनांत एक व्हिस्की, एकात दुसरी, आणि ओतणारा वेगळा असावा. वेगळा ग्लास ओळखायचा, असे ५ वेळा करायचे. ५ पैकी ४ वेळा जमले तर फरक खरा मानावा. त्याहून कमी वेळा जमले तर तो नशिबाचा भाग असू शकतो. बर्फ मात्र नको, गारठ्यात वास दबतो.

किमतीतही अशीच गफलत होते. तिकडची बाटली सहसा १ लिटरची, इकडची ७५० मिलीची. त्यामुळे ड्यूटी फ्रीच्या किमतीला ०.७५ ने गुणून मगच दुकानाच्या किमतीशी ताडावे. बाहेरची ४० आणि इथली ४२.८ टक्क्यांची असेल तर ०.८ ने. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, त्यामुळे काही ब्रँडमध्ये बचत वाटते तेवढी उरत नाही. ड्यूटी फ्रीसाठीच काढलेल्या, वय न छापलेल्या बाटल्यांना तर दुकानात जोडीच नसते. तिथे भरजरी खोक्याला भुलू नये.

परदेशातून येताना एका प्रवाशाला २ लिटरपर्यंतच शुल्कमाफी आहे. वाटेत विमान बदलायचे असेल तर सीलबंद पारदर्शक पिशवी आणि आतली पावती शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नये. फोडली तर पुढच्या सुरक्षा तपासणीत बाटली जाते.

या मर्यादेमुळेच, खोक्याच्या खोकी ‘ड्यूटी फ्री’ माल घरपोच देणाऱ्यावर विश्वास ठेवायला जागा उरत नाही. अस्सल ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत स्वस्त दारू भरून त्या पुन्हा सील केल्या जातात. रिकामी बाटली भंगारात देण्याआधी लेबल खरवडावे, झाकण वाकवून वेगळे टाकावे आणि खोका फाडावा.

आपला,
एक वाचक, ठाणे