वरच्या खोलीतल्या मुला, थँक्यू रे

हे तोंडावर बोलले असते तर तू "काय काकू तुम्ही पण" म्हणत दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढला असतास, त्या दिवशीसारखाच. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, घाबरू नकोस. सांगलीत आमच्या आईच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, जतकडचा मुलगा, एवढंच.

तुला बहुतेक आठवतही नसेल तू काय केलंस ते. तू आला होतास डबा परत द्यायला.

त्या वीकेंडला आम्ही मावसबहिणी आईकडे जमलो होतो. मी ठाण्याहून, एक कोल्हापूरची, एक इचलकरंजीची आणि पुण्याची ताई, जी दर वेळी "मला नाही जमायचं गं" म्हणते आणि सगळ्यांच्या आधी पोचलेली असते. नवरे नाहीत, पोरं नाहीत. शनिवारी दुपारपासून भडंग, त्यावर कच्चा कांदा, चहा, परत भडंग, आणि गप्पा म्हणशील तर नातेवाइकांच्या तासभर आणि सिरीयलच्या चार तास. ताईचं ठाम मत की 1999 च्या 'आभाळमाया'नंतर मराठीत बघण्यासारखं काही झालंच नाही, तेव्हा झी मराठीचं नावसुद्धा अल्फा होतं, सुकन्या कुलकर्णीची सुधा बघून आपण नोकरी सोडायची नाही असं ठरवलं म्हणाली, आणि खरंच रिटायर होईपर्यंत सोडली नाही. कोल्हापूरची 'वादळवाट'वाली, तिच्यासमोर देवराम खंडागळेचं नाव काढलं की ती अजून चिडते. इचलकरंजीची तर 'रात्रीस खेळ चाले'चा नाईकांचा वाडा बघायला सावंतवाडीजवळ आकेरीला जाऊन आलीय, वाड्यासमोर उभं राहून फोटो काढलाय, आणि आण्णांना शिव्या घालताना तिच्या चेहऱ्यावर जे कौतुक असतं ते तिच्या नवऱ्याने बघू नये. मी 'होणार सून मी ह्या घरची'चा प्रत्येक एपिसोड नावं ठेवत बघितलाय. जान्हवीचं बाळ काही केल्या जन्माला येईना तेव्हा आमच्या ऑफिसात बेटिंग चालायचं. अजूनही कुणी फेकाफेकी केली की आमच्यात चौघींपैकी एक तरी "काहीही हं श्री" म्हणतेच.

आणि आई. आईची अरुंधती. 'आई कुठे काय करते' सुरू झाली डिसेंबर 2019 ला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरून जुना टीव्ही गेला होता, म्हणजे नव्या टीव्हीवरची तिची ही पहिली सिरीयल. पंचवीस वर्षं संसार करून नवऱ्याचं बाहेर प्रकरण निघतं, ते निघालं त्या आठवड्यात आई माझ्याशी फोनवर धड बोलली नाही. जणू तिचाच जावई पळाला होता.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. आईच्या डोळ्यांना मॅक्युलर डिजनरेशन आहे. आंधळी नाहीये ती, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे टीव्हीची चौकट दिसते, पडदे दिसतात, साडीचा काठ हलताना दिसतो आणि जिथे माणसाचा चेहरा असायला पाहिजे तिथे डाग. गेलेलं परत यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते ठीक, ते आम्ही गिळलं. पण एका दवाखान्यात तिने विचारलं की टीव्ही बघता येईल असा काही चष्मा वगैरे, तर तिथला माणूस कागदावरून मान वर न करता म्हणाला, "आता या वयात काय बघायचंय आजी, नामस्मरण करा." आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, नामस्मरण सकाळी होतं गं माझं, रात्री साडेआठला काय करू? मग एका दुकानदाराने मोठा टीव्ही गळ्यात मारला, पंचावन्न इंची, "आता सगळं क्लियर दिसेल." डाग पण पंचावन्न इंची झाला. आमचा दादा म्हणतो रेडिओ लावून द्या, काय फरक पडतो, नाहीतरी सिरीयल ऐकायचीच असते.

पण तसं नसतं रे. आई तरुणपणी भावे नाट्यमंदिरात मागच्या रांगेत बसून नाटकं बघायची, तिथून कुणाचा चेहरा दिसायचा नाही, पण आवाज पोचायचा आणि नाटक कळायचं. सिरीयलचं सगळं उलटं. अर्धा एपिसोड कुणी बोलतच नाही. हिचं तोंड, तिचं तोंड, सासूचं तोंड, परत हिचं, मागे ढँऽण ढँऽण, आणि जाहिरात. आपण त्यावर मीम बनवतो, पण जिला तोंडंच दिसत नाहीत तिने काय करायचं? नुसता ढोल ऐकायचा आणि आपल्याकडे वळून विचारायचं, "काय झालं गं?"

आणि आपण काय सांगायचो? हे लिहायला मला लाज वाटतेय पण लिहिते. मी सांगायचे, "काही नाही गं, रडतेय." मोबाईलमधून डोकं वर न काढता. दोन वर्षं माझ्याकडून आईला प्रत्येक सिरीयलमध्ये प्रत्येक बाई फक्त रडतेय. आई हळूहळू विचारायची बंद झाली. आम्हाला वाटलं, बरं झालं, सवय झाली.

तर तो रविवार. सकाळी गणपतीच्या देवळात जाऊन आलो, घाटावर बसलो, दुपारी वांग्याचं भरीत आणि भाकरी, सगळ्या आडव्या झालो, आणि रात्री महाएपिसोड. कुठल्या सिरीयलचा ते सांगत नाही, ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांच्या शिव्या नकोत. आम्ही चौघी एकदम बोलतोय, कोण म्हणतंय हिलाच सगळं माहीत होतं, कोण म्हणतंय गप गं ऐकू दे, आणि आई मधल्या खुर्चीत, हात मांडीवर. तेवढ्यात तू दारात. डबा ठेवलास, निघालास, ताईने ओढून बसवलं, भाकरी खाऊन जा म्हणून. तू सिरीयल बघत नाहीस हे तुझ्या बसण्यावरूनच कळत होतं, खुर्चीच्या टोकाला, एक पाय दाराकडे.

मग ते सुरू झालं, ढँऽण ढँऽण. आम्ही चौघी पडद्याला चिकटलेल्या. आईने मान जराशी तिरकी केली, ती तशी करते, डोळ्याच्या कडेने काही सापडतंय का बघायला. आमच्यापैकी एकीनेही पाहिलं नाही. तू पाहिलंस. खुर्ची आईजवळ सरकवलीस आणि हळूच विचारलंस, "आज्जी, सांगू का काय चाललंय?"

विचारलंस. सांगायला लागला नाहीस, आधी विचारलंस. आई म्हणाली सांग की.

आणि तू जे सांगितलंस ना! "आता कॅमेरा सुनेवर. आता सासूवर. आता परत सुनेवर, जवळून. आता सासूवर, अजून जवळून. आज्जी, हे लई वेळ चाललंय." आई फिस्सकन हसली. मग तिने विचारलं, सुनेची साडी कसली? हिरवी. कसली हिरवी, पोपटी का बॉटल ग्रीन? तू बराच विचार केलास आणि म्हणालास, कैरीचं लोणचं जुनं झाल्यावर होतो तसला. ताई हसून हसून पाणी प्यायला उठली, पण आई म्हणाली, कळला, मेंदी रंग. तिला कळला! मी दोन वर्षांत तिला एका साडीचा रंग सांगितला नव्हता.

आणि मग शेवटी सून एकटी दारात उभी, कुणी बोलत नाही. आईने विचारलं, "रडली का?" माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं, सवयीने. तू उत्तर दिलं नाहीस. वाकून बघितलंस, नीट, जणू परीक्षेतला प्रश्न आहे. मग म्हणालास,

"नाही आज्जी. रडू आवरतीय."

बस. माझ्यासाठी तो वीकेंड म्हणजे हे एक वाक्य आहे. आईने मान डोलावली आणि स्वतःशीच म्हणाली, "मग ती जाणार नाही घर सोडून. रडली असती तर गेली असती." आणि पुढच्या मिनिटाला तसंच झालं, सून वळली आणि आत गेली, आणि आमची 81 वर्षांची आई खुर्चीत ताठ बसून आम्हाला म्हणाली, "बघा. सांगितलं नव्हतं?" दोन वर्षांनी तिने पहिल्यांदा आमच्या आधी काहीतरी ओळखलं होतं. आम्हाला रडायला आलं, आणि आम्ही कुणी आवरलं नाही. तू भाकरी खाऊन पळालास.

लोक म्हणतात हल्लीची पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. आमच्या घरात डोकं खाली होतं ते पन्नाशीच्या बाईचं. तुझ्या आईने तुला काय वाढवलंय मला माहीत नाही, पण समोरच्याला काय दिसत नाही ते ज्याला दिसतं असा माणूस डॉक्टर होऊ दे, इंजिनिअर होऊ दे नाहीतर बसचा कंडक्टर, त्याच्याशी गाठ पडलेल्या माणसाचं बरं होतं. त्या दवाखान्यातल्या माणसाकडे सगळी मशिनं होती. तुझ्याकडे एक रिकामा डबा होता. आणि हो, कुणी म्हणेल एवढं काय, साडीचा रंग तर सांगितला. त्यांनी एक दिवस डोळे मिटून महाएपिसोड बघावा.

पुढचं थोडं सांगते, कारण तू आता सबमिशनच्या गडबडीत आहेस आणि आई तुला हाक मारायला संकोचते. मी ठाण्याला परत आल्यापासून रोज रात्री तिला फोन लावते, इकडे माझा टीव्ही, तिकडे तिचा, आणि मी सांगते. पहिले दोन दिवस फार वाईट सांगत होते, एक तर माझी केबल तिच्यापेक्षा दोन-तीन सेकंद मागे, त्यामुळे ढोल तिकडे आधी वाजायचा आणि मी ओरडायचे थांब थांब अजून दिसलं नाही. आता जमतंय. रंग जमतात, दागिने जमतात, कोण कुणाकडे बघतंय ते जमतं. परवा 'ठरलं तर मग'मध्ये पूर्णा आजीचा सीन लागला. ती आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट 2025 मध्ये वारल्या, तेव्हा आई म्हणाली होती की तुम्हाला बाई गेल्याचं दिसलं, माझा तर आवाज गेला. तो सीन मी जीव ओतून सांगितला. सांगून झाल्यावर विचारलं, कसं सांगितलं?

म्हणाली, "चांगलं सांगतेस. पण तू घाई करतेस. तो मुलगा आधी बघायचा."

तर सबमिशन झालं की खाली उतर. डबा आमच्याकडेच आहे, आईने त्यात लोणचं भरून ठेवलंय. जुनं आहे, रंग तुला माहीत आहे.