टिनावर नको, चुलीपाशी लावा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. उष्णतेतून वीज काढणारी ती पातळ पट्टी खोटी नाही. पण ती घराच्या टिनाला चिकटवून पंखा फिरणार नाही. मे महिन्यात टिनाला हात लावता येत नाही हे खरं, पण त्याची खालची बाजूही तेवढीच तापलेली असते. ही वीज निघते ती दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून. भौतिकशास्त्रज्ञ सीबेक यांना १८२१ मध्ये हेच दिसलं होतं: दोन धातूंचा एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, की जवळची होकायंत्राची सुई हलते.

आता यासाठी बिस्मथ टेल्युराइड, म्हणजे बिस्मथ आणि टेल्युरियमचं संयुग, वापरतात. त्याचे अणू कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रचलेले असतात, एकेक पापुद्रा पाच अणूंचा, जेमतेम एक नॅनोमीटर जाड. इलेक्ट्रॉन त्यातून सहज जातात, उष्णता नेणारी अणूंची थरथर मात्र अडखळते. तांब्यातून दोन्ही बिनदिक्कत जातात, म्हणून तांबं इथे कुचकामी. थर आणखी बारीक केले तर गुण वाढेल, असं गणित हिक्स आणि ड्रेसेलहाउस या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलं. पण काही मायक्रॉनच्या थरातून उष्णता पटकन आरपार जाते आणि फरक टिकत नाही. छोट्या सेन्सरला ते पुरतं. आपल्याला मॉड्यूल हवं, म्हणजे याच पदार्थाचे जाड तुकडे जोडून केलेली चपटी वडी.

४० मिमी चौरस, तुकड्यांच्या १२७ जोड्यांचं घ्या, आणि वीज बनवायचं म्हणूनच मागा. थंडावा देणारं दिसायला अगदी तसंच असतं, पण त्याचं डाग (सोल्डर) बहुधा १३८ अंशांलाच वितळतं. चुलीच्या भिंतीला ६ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी लावा आणि तिचं एक टोक बाहेर काढा. पट्टी निखाऱ्यात खुपसू नका, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. बाहेरच्या टोकावर मॉड्यूल आणि त्यावर सपाट बुडाचा गंज, दोन लिटर पाणी भरून. दोन्ही बाजूंना उष्णतावाहक पेस्ट लावायची, पण अगदी पातळ. थापली तर तीच आडवी येते. स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने जोर पडला तर आतला तुकडा तडकतो, आणि सगळ्या जोड्या एकाच माळेत असल्याने एक तुटली की सगळं बंद.

बसवण्याआधी तपासून घ्या. मॉड्यूल थंड पाण्याच्या स्टीलच्या डब्यावर ठेवा, वर तळहात दाबा, मीटर डीसीवर ठेवा. काटा जरा तरी हलला पाहिजे.

साठ अंशांचा फरक राहिला तर काहीही न जोडलेल्या तारांवर तीन व्होल्टच्या आसपास मिळतील. भार लावला की दीड. म्हणजे जवळपास एक वॅट, आणि पाच व्होल्ट करणाऱ्या बूस्ट सर्किटमधून गेल्यावर पाऊण. मोबाईलची ४००० एमएएचची बॅटरी भरायला चूल वीस तास पेटती ठेवावी लागेल! फोनसाठी दहा वॅटचं सोलर पॅनलच बरं. कडक उन्हात दोन-तीन तासांत काम होतं.

या वीजेवर चुलीला खालून हवा देणारा पाच व्होल्टचा छोटा पंखा लावा. पऱ्हाटी नीट पेटते आणि धूर कमी होतो. आई, माझ्या मते हे सगळं करायचं ते यासाठीच. लाईन गेली तर पंख्याऐवजी अर्ध्या वॅटचा एलईडीही चालतो.

गंजातलं पाणी तासाभरात पंधरा-वीस अंशांनी तापतं. ते भांडी घासायला घे आणि लगेच गार पाणी भर. गंज कोरडा पडला तर आधी पंखा मंदावतो, मग तार जोडलेलं डाग सुटतं.

बाबा, चुलीच्या भिंतीची जाडी आणि उंची मोजून कळवा. पट्टी त्या मापाने कापून पाठवते.

तुमची लेक