खेळाडूचा स्वभाव आणि जनुके

महोदय,

मुलाची लाळ तपासून त्याची 'लढाऊ वृत्ती' सांगण्याचा दावा करणाऱ्या जनुकीय चाचण्यांकडे पालकांनी अत्यंत सावधपणे पाहावे, असे मला कळकळीने वाटते. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार व्यक्ती-व्यक्तींच्या स्वभावातील फरकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के भाग जनुकीय भेदांशी निगडित असतो. परंतु हा आकडा समूहाचा असून, एखाद्या मुलाची जिद्द निम्मी जन्मजात असते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मेंदूतील डोपामिन या रसायनाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाशी संबंधित 'डीआरडी४' जनुकाचा नावीन्याच्या ओढीशी संबंध असल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती, पण पुढील अनेक अभ्यासांत तो निष्कर्ष टिकला नाही. स्वभावावर हजारो जनुकीय भेदांचा परिणाम होतो, प्रत्येकाचा वाटा अत्यल्प असतो, आणि अव्वल खेळाडूंची संख्या मुळातच कमी असल्याने त्यांच्यावरील छोट्या अभ्यासांतून योगायोगाने जुळलेले संबंधही खरे भासू शकतात.

थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांना क्रीडागुण हेरण्यात स्थान नाही, असे क्रीडा-जनुकशास्त्राच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकमताने नोंदवले आहे. तरीही अहवालावरचा 'चिंताळू' हा एक शब्द वाचून प्रशिक्षकाने दहा वर्षांच्या मुलीला संघाबाहेर ठेवले, तर ते नुकसान कोण भरून देणार?

– एक वाचक