पाटीवर गावाचं नाव लिही

ठाणे

प्रिय माधवी,

सप्रेम.

तुझ्या नव्या मेनूचा खर्डा वाचला. वर ठळक अक्षरांत ‘अस्सल मेक्सिकन’ आणि खाली बरीटो, नाचोस, मोले, कोचिनीता पिबिल, चिली कॉन कार्ने, सगळं एका रांगेत. यातलं अस्सल काय आणि नकली काय, असं विचारलंयस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ‘अस्सल’ खोड आणि प्रत्येक पदार्थापुढे राज्याचं किंवा गावाचं नाव लिही. नाव लिहिता येत नसेल तर तो पदार्थ तूर्त ठेवूच नकोस. मेक्सिकोत ३१ राज्यं आणि वर राजधानीचं शहर. त्यातल्या शेजारच्या दोन राज्यांचंही मोलेवर, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्यावर, एकमत होत नाही, मग ठाण्या-पुण्यात बसून आपण कुठला निवाडा करणार?

तोर्तियापासून, म्हणजे तिथल्या पोळीपासून, सुरू करू, कारण गोंधळ तिथूनच होतो. मैद्याची तोर्तिया म्हणजे अमेरिकनांनी केलेली भेसळ, असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी सोनोरा धरलेलाच नसतो. उत्तरेचा हा मुलूख कोरडा, गुराढोरांचा. जेझुइट मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात तिथे गहू नेला आणि तो रुजला. तिथली सोबाकेरा नावाची तोर्तिया हातांवर ओढत ओढत अर्धा मीटर किंवा त्याहून रुंद करतात, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. प्रमाण साधारण असं: ५०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम डुकराची चरबी, १० ग्रॅम मीठ, २५० मिली गरम पाणी. चरबी आधी मैद्यात चोळायची, मग पाणी. तुझ्याकडे चरबी चालणार नाही, तर वनस्पती तूप घे. सोनोरातही आता अनेक घरांत तेच वापरतात. मळून किमान पाऊण तास झाकून ठेव. लाटलेली तोर्तिया आक्रसून मागे येत असेल तर कणकेला विश्रांती कमी पडली, एवढाच त्याचा अर्थ. लाटण्याचा जोर वाढवून ते सुटत नाही.

मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत मात्र मका. आणि इथे जी एक गोष्ट सोडताच येत नाही ती म्हणजे चुना. १ किलो कोरडा पांढरा मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याच्या दर्जाचा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड. भांडं स्टीलचं घे, ॲल्युमिनियम चुन्याने खाल्लं जातं. चुना पाण्यात कालवून मका घाल आणि मंद आचेवर, पाणी जेमतेम हलेल इतपतच, ३० ते ४५ मिनिटं ठेव. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सुटली पाहिजे, पण दाताखाली मध्यभाग अजून पांढरा आणि कोरडा लागला पाहिजे. तिथे आच बंद. झाकून ८ ते १२ तास तसाच राहू दे. सकाळी पिवळं पाणी ओतून दे, दोनदा चोळून धू. सगळी साल मात्र काढून टाकू नकोस. तिच्यातला चिकटपणाच पुढे पीठ धरून ठेवतो.

दळायला इडलीच्या पिठाचा दगडी वेट ग्राइंडर चालतो. पाणी चमच्या-चमच्याने घाल, कारण पातळ झालं तर हातात उंडा नाही, घावनाचं पीठ येईल. ३० ग्रॅमचा गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये दाबून १५ सेंटिमीटरची तोर्तिया कर. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू १५-२० सेकंद, दुसरी जवळजवळ मिनिटभर, मग पुन्हा उलटून हलकं दाबलं की ती फुलक्यासारखी फुगते. फुगली म्हणजे दळण आणि ओलावा दोन्ही जमलं. कडा फाटत असतील तर पीठ कोरडं आहे किंवा मका कमी शिजलाय. प्लॅस्टिकला चिकटून बसत असेल तर जास्त शिजलाय किंवा पाणी जास्त झालंय. कडवट लागली, साबणासारखा वास आला, तर चुना जास्त पडला किंवा धुण्यात आळस झाला.

चुना चवीपुरता नाही, हेही लक्षात ठेव. तो दाण्याची साल सोडवतो, कॅल्शियम देतो आणि मक्यात जखडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागेल असं मोकळं करतो. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. पुढे स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग, पसरला. आपल्याकडे मिळणारं मक्याचं पीठ चुन्यातून गेलेलं नसतं, म्हणून ते पातळ लाटताच मोडतं. त्याची भाकरी चांगली होते, ती भाकरी म्हणून दे. मक्याचं निक्स्तामाल करून, म्हणजे असाच चुन्यात शिजवून, वाळवलेलं तयार पीठ मिळालं तर वापर, त्यात कमीपणा नाही. १९४९ साली नुएवो लेओन राज्यात सुरू झालेल्या कंपनीचं असं पीठ आज मेक्सिकोतल्याच कितीतरी तोर्तियाच्या दुकानांत चालतं. चव फिकी, वेळ वाचतो.

आता मोले. तू लिहिलंयस ‘मोले (चॉकलेट सॉस)’. कंस काढ! वाहाका राज्यात सात मोले मोजतात: काळं, तांबडं, कोलोरादितो, पिवळं, हिरवं, चिचिलो आणि मांचामांतेलेस. पिवळ्यात आणि हिरव्यात चॉकलेटचा संबंधच नाही. काळ्यात आहे, पण अगदी शेवटी. दहा-बारा माणसांच्या पातेल्याला ६०-७० ग्रॅम पुरतं. जास्त घातलंस की मिरचीचा जळका, खोल स्वाद झाकला जातो आणि गोडसर गाळ उरतो.

काळ्या मोलेचा रंग चॉकलेटने येत नाही, मिरच्या जवळजवळ काळ्या होईपर्यंत भाजल्याने येतो. त्यातली चिल्वाक्ले मिरची वाहाकाच्या कुइकात्लान भागात थोडीच पिकते आणि महाग असते, म्हणून तिथल्याही अनेक स्वयंपाकघरांत तिच्या जागी ग्वाहियो किंवा दुसरी मिरची येते. बिया वेगळ्या काढून तोर्तियाच्या तुकड्याबरोबर साफ जाळतात, मग पाण्यात भिजवून ते पाणी फेकतात. ते न केल्यास कडूपणा पातेलंभर उतरतो. हे काम घरात करायचं नाही, ठसक्याने सगळे बाहेर पळतील. तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका एकेक करून वेगवेगळं तळायचं, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो आणि तीळ क्षणात करपतात. मग मिरच्यांचं वाटण चरबीत तेल सुटेपर्यंत परतायचं. उरकायची घाई सगळ्यांना इथेच होते आणि कच्च्या मिरचीची चव राहून जाते.

तुला मी काळ्या मोलेपासून सुरुवात करायला सांगणार नाही. पिवळं कर, ते भाज्यांबरोबरही शोभतं. सहा माणसांना ८-१० ग्वाहियो, बिया काढून, तव्यावर रंग बदलेपर्यंतच भाजायच्या आणि गरम पाण्यात २० मिनिटं भिजवायच्या. तीन भाजलेले टोमॅटो, पाच-सहा तोमातियो (टोमॅटोसारखं हिरवं, आंबट फळ), लसूण, दोन लवंगा, थोडं ऑलस्पाइस, चिमूटभर जिरं, हे सगळं त्यांच्याबरोबर वाटायचं आणि गाळायचं. चाळणी सोडू नकोस, मिरचीची साल जिभेला टोचते. परतून दीड लिटर रसात (स्टॉकमध्ये) सोड. उकळी आली की १०० ग्रॅम मक्याचं ओलं पीठ वाटीभर रसात कालवून, गाळूनच घाल, नाहीतर गुठळ्या. पुढे १५-२० मिनिटं ढवळत राहा, तेवढ्यात कच्चेपणा जातो. चायोते (दुधीसारखी एक फळभाजी), फरसबी, बटाटा वेगळे उकडून शेवटी घाल. सुगंधासाठी तिथे ओहा सांताचं पान घालतात. इथे ते सहज मिळणार नाही. त्याच्या जागी दुसरं काही घालून वेळ मारून नेण्यापेक्षा त्याविना कर.

ग्वाहियोऐवजी ब्याडगी वापरलीस तर रंग येईल, हलकी आंबटगोड बाजू येणार नाही. तोमातियोऐवजी कच्चे हिरवे टोमॅटो आणि थोडं लिंबू. चालेल, फक्त मेनूवर तसं लिही: ‘वाहाकाचं पिवळं मोले, ब्याडगी मिरचीतलं’. गिऱ्हाईक हसत नाही, उलट विचारतं.

युकातान हा तिसराच मुलूख. कोचिनीता पिबिलचा लाल रंग मिरचीचा नाही, आचियोतेचा, म्हणजे आपल्या शेंद्रीच्या बियांचा. त्या वाटणात मिरची नसतेच. तिखट हवं त्याने बाजूला ठेवलेल्या हबानेरो मिरचीतून घ्यायचं. तुझ्या खर्ड्यात ‘झणझणीत’ लिहिलंयस, ते काढ. २ किलो चरबीवालं डुकराच्या खांद्याचं मांस. ५० ग्रॅम शेंद्रीच्या बिया, लसणाच्या दहा पाकळ्या, मिरे, चार लवंगा, सहा ऑलस्पाइस, ओरेगानो, मीठ. बिया दगडासारख्या कडक असतात, मिक्सरचं पातं बोथट होतं, म्हणून आधी रात्रभर रसात भिजव. रस तिथे आंबट संत्र्याचा. त्याच्याऐवजी दोन भाग संत्र्याचा, एक भाग लिंबाचा आणि चमचाभर व्हिनेगर. मांस रात्रभर मुरव. केळीची पानं आचेवरून फिरवून मऊ कर, नाहीतर घडी घालताना चिरतात आणि चिरलेल्या पानातून वाफ गेली की मांस कोरडं पडतं. दोन थरांत गुंडाळून, वरून घट्ट झाकण लावून १६० अंशांवर साडेतीन-चार तास. पिब म्हणजे जमिनीतली भट्टी तुझ्याकडे नाही, तेव्हा तो धुराचा वास येणार नाही. त्यासाठी लिक्विड स्मोक घालू नकोस.

मांस न खाणाऱ्यांसाठी त्याच मुलखातले पापात्सुलेस आहेत: भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या रसात बुडवलेल्या तोर्तिया, आत उकडलेलं अंडं, वर टोमॅटोचा रस. बिया मंद आचेवर फुगेपर्यंतच भाज. तांबूस झाल्या की रंग गेला आणि कडूपणा आला. रस पुन्हा उकळू नकोस, फाटतो.

आता तुझा खरा प्रश्न, बाहेरून आलेलं अस्सल कसं? उत्तरेतल्या चिवावा राज्याचं प्रसिद्ध चीज तिथे १९२२ पासून कॅनडातून येऊन वसलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांमुळे नावाजलं. युकातानात सणासुदीला एडाम चीजचा गोळा पोखरून त्यात खिमा भरतात. पुएब्लात १९३०च्या दशकात मध्यपूर्वेतून आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजून ताकोस आराबेस विकायला सुरुवात केली. मेंढ्याच्या जागी डुक्कर आलं, पुढे राजधानीत त्याला आचियोतेचा आणि मिरचीचा मसाला लागला, गव्हाची पोळी जाऊन मक्याची आली, आणि ताकोस आल पास्तोर तयार झाले. कोलिमा राज्यात माडी विकतात, शेंगदाणे घालून. ती रीत मनिला-अकापुल्को जहाजांवरून आलेल्या फिलिपिनो लोकांची. हे सगळं अस्सल आहे, कारण तिथल्या माणसांनी ते रोजच्या सवयीत घेतलं.

आणि वाद घरातलेही असतातच. पुएब्लाचं चिलेस एन नोगादा घे. भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीत फळं आणि खिमा, वर ताज्या अक्रोडाचा पांढरा रस आणि डाळिंबाचे दाणे. मिरचीला अंड्याचं आवरण द्यायचं की नाही, यावर पुएब्लातच दोन तट आहेत आणि दोघेही दुसऱ्याला अडाणी समजतात. ज्यावर वाद नाही ते वेगळंच: अक्रोड ताजे आणि आतली पातळ सालही काढलेले हवेत. साल राहिली तर रस तपकिरी आणि तुरट. म्हणून हा पदार्थ जुलै ते सप्टेंबरचा. तुझ्या मेनूत तो डिसेंबरात आहे, काढ.

घेवड्यांबद्दल थोडक्यात: राजमा सरसकट घालू नकोस. दक्षिणेत आणि युकातानात काळा घेवडा, उत्तरेत ठिपक्यांचा पिंतो. जिऱ्याचंही तेच. मेक्सिकोत ते चिमटीने पडतं, मूठभर जिरं टेक्सासचं.

टेक्सासला मात्र तुच्छ लेखू नकोस. १८३६ पर्यंत तो मेक्सिकोचाच भाग होता आणि चिली कॉन कार्ने ही सॅन अँटोनिओच्या रस्त्यांवरची जुनी गोष्ट आहे. ती ‘टेक्सासची’ म्हणून मानाने विक, पुएब्लाची म्हणून नको. नाचोस सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावचे, इग्नासियो आनाया यांनी १९४०च्या दशकात केलेले: तोर्तियाचे तुकडे, चीज, हालापेन्यो मिरची, बस. वरचं पिवळं पातळ चीज नंतरचं. बरीटो उत्तरेत बारीक असतो, आत एखादंच सारण; भात कोंबलेला जाडा बरीटो सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला. दोन्ही ठेव, दोन ओळींत.

तर पहिल्या महिन्यासाठी चार गोष्टी पुरेत: वाहाकाचं पिवळं मोले, युकातानची कोचिनीता आणि पापात्सुलेस, सोनोराच्या मैद्याच्या तोर्तियात भाजलेलं मांस किंवा घेवडा. तोर्तिया दोन्ही जातीच्या तूच कर. गुंडाळायला जाड कापड आण, कागदात घाम सुटून त्या ओल्या होतात.

मका आणताना स्वीटकॉर्न किंवा कोंबडीच्या खाद्याचा माल घेऊ नकोस. पांढरा नाहीच मिळाला तर पिवळा चालेल, फक्त दाणा कडक असतो म्हणून दहा मिनिटं जास्त शिजव आणि आधी अर्धा किलोच लाव. कुठल्या टप्प्यावर अडलं ते कळव, फोटो पाठवलास तर उत्तम.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
शुभदा