सावलीचा साप आणि शुक्राचा हिशेब

महोदय,

वसंतसंपाताच्या निमित्ताने मेक्सिकोतील चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर आपण सचित्र मजकूर छापलात, तो आवडला. मात्र विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, अचूक कळावा म्हणूनच माया लोकांनी तो उभारला, या विधानापाशी मी अडलो. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. व्हाउचर पाहिल्याशिवाय आकड्यापुढे बरोबरची खूण करायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

मुलाच्या नोकरीमुळे मला तिथे जाण्याचा योग आला. गर्दी नको म्हणून आम्ही २१ मार्च मुद्दाम टाळून त्यानंतर दोन-तीन दिवसांनी गेलो. उन्हे कलल्यावर कुकुलकान या माया नागदेवतेच्या त्या पिरॅमिडच्या नऊ टप्प्यांची सावली उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर पडली, उजेडाचे त्रिकोण एकाखाली एक उमटले आणि तळाच्या दगडी नागमुखापर्यंत पोचले, जणू साप खाली उतरतोय. दृश्य देखणेच. (जिन्यासमोर टाळी वाजवली की पाखराच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो, आमचा गाइड त्यावरच जास्त खूश होता.) पण विषुवदिन उलटून गेल्यावरही साप दिसत होता, आणि आधीही काही दिवस दिसतो. मग त्याच्यावरून नेमका दिवस कसा ठरवायचा? पांढरे कपडे घालून, हात उंचावून ‘ऊर्जा’ घेणारी गर्दी तर विसाव्या शतकातली. चार बाजूंच्या ९१ प्रमाणे ३६४ पायऱ्या आणि माथ्यावरची एक, असे वर्षाचे ३६५ दिवस तिथे मांडलेत, हे मला पटते. पण त्या ३६५ दिवसांच्या वर्षाला लीप दिवस नव्हता, त्यामुळे विषुवदिन दर चार वर्षांनी सुमारे एक दिवस सरकत जाई.

माया ज्योतिर्विदांची खरी खतावणी जर्मनीतील ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात आहे. झाडाच्या सालीच्या कागदाची, घड्यांची ही पोथी. तिथलेच ग्रंथपाल एर्न्स्ट फर्स्टेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यातल्या आकड्यांचा, म्हणजे एकाचा ठिपका, पाचाची रेघ आणि शून्याचा शिंपला यांचा उलगडा केला. तीत शुक्राचे कोष्टक आहे: पहाटे दिसण्याचे २३६ दिवस, अस्ताचे ९०, संध्याकाळी दिसण्याचे २५०, पुन्हा अस्ताचे ८. बेरीज ५८४, म्हणजे शुक्राची एक पूर्ण फेरी. यातल्या पोटरकमा माझ्यासारख्याला खटकतात, कारण शुक्र प्रत्यक्षात दोन्ही वेळा साधारण २६३ दिवस दिसतो. त्यांनी हे आकडे का घेतले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. बेरीज मात्र पक्की आहे, आजच्या मापाने ती ५८३.९२ येते. अशा ६५ फेऱ्या म्हणजे ३७,९६० दिवस, म्हणजेच त्यांची १०४ वर्षे, म्हणजेच त्यांच्या २६० दिवसांच्या पवित्र चक्राच्या बरोबर १४६ फेऱ्या. तिन्ही खाती एकाच दिवशी जुळतात! एवढ्या काळात साचणारा पाचएक दिवसांचा फरक वळता करण्याची सोयही पोथीतच केलेली आहे. ग्रहणांच्या आठ पानांमागे ४०५ चांद्रमासांना ११,९६० दिवस हे समीकरण आहे; आजचे गणित ११,९५९.८९ सांगते. हे सगळे दुर्बिणीशिवाय आणि अपूर्णांक न वापरता.

सूर्याचेच म्हणाल, तर चिचेन इत्झा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैत तिथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. त्यातला मेचा दिवस पावसाच्या आणि मक्याच्या पेरणीच्या तोंडावर येतो. शेतकऱ्याला विषुवदिनापेक्षा तो जवळचा वाटला असेल, असे माझे मत. पण त्या दिवशी पर्यटकांना दाखवायला साप नसतो.

१५६२ साली मेक्सिकोतल्याच मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात जेमतेम चार उरल्या आहेत. त्यांतल्या या एकीत इतके गणित असताना दरवर्षी मार्चमध्ये आपण सावलीच्याच सापाचे छायाचित्र छापावे, हे बरे नाही. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाने पोथीची पाने इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. शुक्राच्या कोष्टकाचे एखादे पान रविवारच्या पुरवणीत रंगीत आणि ठळक छापावे, आकडे कसे वाचायचे हे शेजारी द्यावे. बेरजा वाचक स्वतः करून पाहतील.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक