सौर वादळाच्या बातमीत कण कोणते, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबस कंपनीने जगभरातल्या सुमारे ६,००० ए-३२० विमानांची संगणक आज्ञावली तातडीने बदलायला लावली. तेव्हापासून आपल्या दैनिकात सौर वादळांच्या बातम्या वाढल्या आहेत. विषय महत्त्वाचाच आहे. ३० ऑक्टोबरला कॅनकूनहून नेवार्कला निघालेले जेटब्लूचे विमान हवेत अचानक खाली गेले आणि प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर प्रारणामुळे (रेडिएशनमुळे) विमानाच्या नियंत्रण यंत्रणेतील माहिती बिघडू शकते, असे त्यानंतर एअरबसने जाहीर केले. आपल्याकडच्याही शेकडो विमानांना हा बदल करावा लागला. पण आपण छापलेल्या चौकटीत आग ओकणाऱ्या सूर्याचे चित्र, ‘तडाखा’ हा शब्द असलेला मथळा आणि मोबाइल, उपग्रह बंद पडण्याची भीती, एवढेच होते.

त्या ३० ऑक्टोबरला सूर्यावर म्हणण्यासारखा उद्रेक झालाच नव्हता, हे अनेक अभ्यासकांनी नंतर सांगितले. दोष एखाद्या कणाचाच असेल, तर तो कण सूर्यमालेच्या बाहेरून आलेल्या वैश्विक (कॉस्मिक) किरणांमुळे निर्माण झालेला असण्याची शक्यता अधिक. शिवाय बहुतेक विमानांवरचा उपाय होता आज्ञावलीची आधीची आवृत्ती परत बसवण्याचा. म्हणजे कण तेच होते, आज्ञावली बदलली होती. बातमीचा गाभा हा होता आणि नेमका तोच वाचकांपर्यंत पोचला नाही.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. सूर्यावर उद्रेक झाला की एकाच गोष्टीचा मारा पृथ्वीवर होतो, असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे नसते. सौरज्वाळेचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत येतात आणि दिवस असलेल्या बाजूचा लघुलहरी रेडिओ बिघडवतात. उद्रेकात वेग मिळालेले प्रोटॉन साधारण पाव तासापासून काही तासांपर्यंत केव्हाही येऊ लागतात. अंतराळवीर, उपग्रह आणि ध्रुवांजवळून जाणारी विमाने यांना धोका असतो तो या कणांचा. सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, उडालेला वायूचा प्रचंड लोट मात्र बहुधा एक ते तीन दिवसांनी पोचतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवणारे आणि वीजवाहिन्यांना त्रास देणारे वादळ ते हेच. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, तो अशाच वादळामुळे. हवामानाचे वार्ताहर पाऊस, वारा आणि उष्णतेची लाट यांना एकच नाव देत नाहीत. आकाशातून येणाऱ्या या गोष्टींनाही तसे एक नाव देऊ नये.

या सगळ्यांपासून वेगळे ते वैश्विक किरण. ते रोज, अखंड येत असतात. त्यांत बहुतांश प्रोटॉन, थोडी हेलियमची केंद्रके आणि अगदी थोडी जड केंद्रके असतात. हे कण वरच्या हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात आणि त्यातून पायॉन, म्यूऑन, न्यूट्रॉन असे नवे कण निघतात. आपण बसलो आहोत तिथे समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. विमानाच्या उंचीवर न्यूट्रॉनची संख्या जमिनीच्या मानाने काहीशे पट असते. असा एखादा न्यूट्रॉन चिपमधल्या सिलिकॉनच्या केंद्रकावर आदळला, तर तिथे विद्युतभार मोकळा होतो आणि स्मृतीतल्या शून्याचा एक होऊ शकतो. चिपला काही इजा होत नाही, फक्त आकडा खोटा होतो. हे विमान बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच एकच गणित दोन-तीन संगणकांकडून करून घेऊन ते ताडून पाहतात.

यातले काही कण तर थक्क करतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात नोंदलेल्या एका कणाची ऊर्जा फिरकी गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूएवढी होती. ती सगळी ऊर्जा अणूहून कितीतरी लहान अशा एका कणात होती. तो कुठून आला, हे अजून कोणाला सांगता आलेले नाही.

हे किरण सूर्याचे नव्हेत, हे कळल्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. १९१२ च्या १७ एप्रिलला सूर्यग्रहण होते. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ त्या वेळी बलूनमधून वर गेला. चंद्राने सूर्य झाकला तरी त्याच्या यंत्रावरचे प्रारण कमी झाले नाही. त्याच वर्षी ७ ऑगस्टला तो पाच हजार मीटरच्याही वर पोचला, तेव्हा प्रारण जमिनीपेक्षा बरेच जास्त भरले. हे किरण वरून येतात आणि त्यांचा मुख्य उगम सूर्य नाही, एवढे त्याने सिद्ध केले. १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. उलट सूर्य खवळलेला असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या कणांना थोडे अडवते, त्यामुळे पृथ्वीवर येणारे वैश्विक किरण घटतात. ‘सूर्य तापला म्हणून कॉस्मिक किरणे वाढली’ हे वाक्य म्हणूनच उलटे आहे.

ही उलटी वाक्ये फिरत राहतात, त्याचा परिणाम घरोघरच्या फोनवर दिसतो. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणे पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा, नासाने आणि बीबीसीने सांगितले आहे’ हा संदेश वर्षानुवर्षे मराठीतही फिरतो आहे. आमच्या गल्लीतही मंडळी खरोखर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही की हे कण काल रात्रीही शरीरातून गेले, आजही जाणार, आणि त्याचा फोनशी काही संबंध नाही. महाराष्ट्र विषुववृत्तापासून फार दूर नाही. इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे कवच जोरदार आहे, त्यामुळे सूर्याचे बहुतेक कण इथल्या जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. मराठी वाचकाला पहिल्यांदा हे वाक्य द्यायला हवे.

हे सांगू शकणारी माणसे मुंबईत, कुलाब्यातच आहेत, याचे मला सर्वांत वाईट वाटते. टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली तीच या विषयावर. होमी भाभांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह हवेतून कणांची साखळी कशी वाढत जाते, त्याचा सिद्धांत मांडला. महायुद्धामुळे ते भारतात थांबले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैश्विक किरणांचा विभाग सुरू केला. १९४५ मध्ये टाटा संस्था झाली आणि वर्षअखेर मुंबईत आली. तिथल्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी. त्यांनी त्याआधी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचांवर या कणांचे माग टिपले होते. आज एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव आहे. आपल्या महिलादिनाच्या पुरवणीत मला ते अजून दिसलेले नाही.

मग कर्नाटकातले कोलार. तिथल्या सोन्याच्या खाणीत संशोधक आपली यंत्रे खोल खोल नेत गेले. वर दगड जितका जाड, तितके म्यूऑन कमी. १९६५ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर भारत, जपान आणि ब्रिटनच्या गटाला असे कण दिसले जे वरून येणे शक्य नव्हते. ते वैश्विक किरणांमुळे हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोंनी, म्हणजे जवळजवळ कशानेच न अडणाऱ्या कणांनी, खडकात निर्माण केलेले होते. जवळपास त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही हे साधले. निसर्गातल्या, हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोची जगातली ही पहिली नोंद. खाण २००१ मध्ये बंद झाली. सोन्याचे भाव रोज छापणाऱ्या वृत्तपत्रांनी कोलारचे हे धनही एकदा छापावे, असे मला मनापासून वाटते.

खाणीतले काम वाया गेले नाही. तिथे प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेण्यासाठी आणलेल्या पोलादी नळ्या वापरून टाटा संस्थेने ऊटीला म्यूऑन दुर्बीण उभारली. ग्रेप्स-३ हे तिथल्या प्रयोगाचे नाव. २,२०० मीटर उंचीवर ५६० चौरस मीटरची ही दुर्बीण दिवसाला सुमारे ४०० कोटी म्यूऑन मोजते. २२ जून २०१५ रोजी सूर्याकडून आलेला वायूचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आपटला तेव्हा तिथे म्यूऑनची संख्या सुमारे दोन तास वाढलेली दिसली. कवच काही काळ कमकुवत झाले आणि एरवी परतवले जाणारे बाहेरचे कण आत शिरले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. याच दुर्बिणीने १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगाचा विद्युतदाब मोजला, तो भरला १३० कोटी व्होल्ट. आकाशातले कण वापरून ढगातली वीज मोजायची, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. चिपळूण, महाडच्या वाचकाला विजेचे भय ठाऊक आहे, तो ही बातमी शेवटपर्यंत वाचेल.

मी अलिबागला राहतो. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेची मोजमापे बिघडणार, म्हणून तिचे संचालक नानाभाई मूस यांनी ती इकडे हलवली. ट्राम धावण्याआधी दोन्हीकडच्या नोंदी जुळवून घेतल्या, म्हणून मालिका तुटली नाही. आणि कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदींतच १८५९ च्या सप्टेंबरातले वादळ आहे, आजवरच्या ज्ञात सौर वादळांपैकी सर्वांत मोठ्यांपैकी एक. वादळ आले तेव्हा तिथला माणूस काही काही मिनिटांनी सुई वाचत राहिला. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा चुंबकीय क्षेत्र १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे ते मोजण्याचे एकक) खाली गेल्याचे कळले. त्या वादळाची तीव्रता ठरवताना जग आज हा मुंबईचा आकडा वापरते.

माझे मागणे मोठे नाही. अमेरिकेचे अवकाश हवामान केंद्र रेडिओसाठी आर, कणांसाठी एस आणि चुंबकीय वादळासाठी जी अशा तीन वेगळ्या श्रेणी देते, प्रत्येकी १ ते ५. बातमीत यांतली कोणती श्रेणी आणि कितवी पायरी, एवढे लिहिले तरी निम्मी भीती जाईल. त्याच्याशेजारी वेळ द्यावी, भारतीय प्रमाणवेळेनुसार. आदित्य-एल१ हे आपले यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने उभे आहे. त्यावर कण मोजणारी उपकरणे आहेत आणि अतिनील दुर्बीण तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने केलेली. तिथल्या किंवा कुलाब्यातल्या एखाद्या संशोधकाला छपाईआधी फोन केला तर ते मराठीत समजावून सांगतील. रायगड आवृत्तीत आपण भरती-ओहोटीच्या वेळा रोज देता, त्याखाली चुंबकीय स्थितीची एक ओळही मावेल.

आणि ए-३२० च्या त्या चौकटीपुरती एक दुरुस्ती आपण पहिल्या पानावर छापावी, ही विनंती. चौकट पहिल्या पानावरच होती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, अलिबाग