आर्वीच्या वजनाबद्दल भूषणला

चोपडा

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जयूचा आवाज रडवेला होता आणि तुझा वैतागलेला. या महिन्यात चार महिन्यांच्या आर्वीचं वजन पाचशेच ग्रॅम वाढलं, शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा आणि सात किलोचा, मग दुधाच्या पावडरचा डबा आणू का, असं तू विचारलंस. फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय. वाचून झालं की जयूलाही दे.

आधी तिचं माता व बाल संरक्षण कार्ड काढ. मुलींचा तक्ता गुलाबी असतो, तोच घे. खाली आडवे महिने आहेत, बाजूला उभे किलो. जन्माला २.८, मग ३.६, ४.५, ५.२ आणि आता ५.७. पेन्सिलीने ठिपके दे आणि जोड. आपल्या पोरीची रेघ हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात आहे आणि छापलेल्या रेषांसारखीच वळतेय. चार महिन्यांच्या मुलीला पिवळा, म्हणजे कमी वजनाचा पट्टा पाच किलोच्या खाली लागतो. जन्माच्या वजनाच्या दुप्पट ती झालीसुद्धा. दुसऱ्या महिन्यात नऊशे ग्रॅम वाढली आणि आता पाचशे, हे बरोबरच आहे. अंगावर पिणारी बाळं पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतात, मग वेग उतरतो. म्हणून तर तक्त्यावरची रेघ पुढे आडवी होत जाते. शेजारचा तो मुलगा आहे, त्याचा तक्ता निळा. जन्माला तो किती होता, हे तू विचारलंस का?

हा तक्ता कुठून आला तेही सांगते, कारण अंगणवाडीच्या प्रशिक्षणात ऐकलं तेव्हापासून मला त्याचं फार मोल वाटतं. पूर्वी जगभर अमेरिकेचा १९७७ चा तक्ता चालायचा. त्यातली बहुतेक बाळं बाटलीच्या दुधावरची होती. त्याच्याशी ताडलं की आईच्या दुधावरचं धडधाकट बाळही चार-सहा महिन्यांचं झालं की मागे पडल्यासारखं दिसायचं आणि आईला वरचं दूध सांगितलं जायचं. मग जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली. आपल्याकडची दिल्लीची होती. आईचं दूध पिणारं बाळ हेच प्रमाण धरून २००६ साली नवा तक्ता काढला. अंगणवाडीत आमच्याकडे आधी कुपोषणाच्या श्रेणी एक ते चार असायच्या, त्या जाऊन हा तक्ता आला. जयूच्या दुधाला कमी ठरवणारा तक्ता आता उरलेला नाही, भाऊ.

डबा आणला तर काय होतं, ते मी घराघरांत बघितलंय. बाटलीने पोट भरलं की बाळ अंगावर कमी ओढतं आणि जेवढं कमी ओढतं तेवढं दूध कमी तयार होतं. पंधरा दिवसांनी "पोरले दूध पुरस नही" हे बोलणं खरं होऊन बसतं. दूध पुरतंय का, हे लंगोटावर कळतं. दिवसातून सहा-सात वेळा फिकट लघवी होतेय, पिऊन झाल्यावर मुठी सैल सोडतेय, हसतेय, मान धरतेय, मग पुरतंय. आता जळगावात चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन आहे, कुणीतरी पाणी पाजायला सांगणारच. सहा महिने होईपर्यंत पाण्याचा थेंबही नको. उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा अंगावर घ्यायचं.

वजन घेतानाही जरा लक्ष दे. मागच्या वेळी वाळे पायात होते का? करदोडा, झबलं, ओला लंगोट, सगळं काढून घ्यायचं आणि दर वेळी एकाच काट्यावर. मेडिकलमधल्या काट्याचं आणि दवाखान्यातल्या काट्याचं वजन जुळतंच असं नाही. शंभर ग्रॅमच्या फरकाने रात्रभर जागायचं काही कारण नाही. लांबीही मोजून घे, आडवं झोपवून. आणि महिन्यातून एकदाच. रोज काट्यावर ठेवून बाळ वाढत नाही, आईचा जीव मात्र टांगणीला लागतो.

काळजी कधी करायची तेही सांगते. रेघ महिना-दोन महिने सपाट राहिली, खाली वळली, वरचा पट्टा सोडून खालच्यात उतरली, किंवा बाळ मलूल पडलं, प्यायचं सोडलं, तर माझ्या फोनचीही वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे अंगणवाडीत काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायका आहेत, खाली उतरणारी रेघ म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकलंय. म्हणूनच सांगते, रेघ उतरली तर हयगय करू नको आणि उतरली नसेल तर जयूला छळू नको.

तुझं काम वेगळं आहे. पाहुण्यांसमोर "दूध कमी पडतंय" हे शब्द तुझ्या तोंडून निघायचे नाहीत. कुणी म्हणालं तर तिच्या आधी तू बोल. रात्री ती पाजायला उठली की पाण्याचा तांब्या जवळ दे, ढेकर तू काढ. तिला भाकरी, मेथी, वरण-भात पोटभर आणि वेळेवर मिळू दे. पोरगी सहा महिन्यांची झाली की मुगाचं दाट वरण, मऊ भात, कुस्करलेलं केळं सुरू करू, आणि अंगावरचं दोन वर्षांपर्यंत चालू ठेवू.

मी शनिवारच्या एसटीने येते. डिंक आणि अळीव घेऊन येते, लाडू तिथेच करीन. तोवर डबा आणू नको, आणि ठिपके जोडलेला फोटो आज पाठव.

तुझी
आई